एक सूत कमी

माझ्या कॉलरी बसत नाहीत हे मला कॉलरकडे बघून कळलं नाही. ते कळलं खुंटीवर राहून गेलेल्या एका रुमालामुळे.

ऐंशी सालच्या आसपास लग्न होऊन मी जळगावच्या मेहरूणमधून धुळ्याला, देवपुरात आले, तेव्हा सोबत शिवणाचं मशीन आणलं होतं. जळगावात शिवणक्लास केलेला, परीक्षा पास झालेली. त्यामुळे उशांच्या अभ्र्यांपासून सासऱ्यांच्या शर्टांपर्यंत घरातलं सगळं शिवण माझ्याकडे आलं आणि मी ते मिरवलं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी शिंप्याकडे जाणं बंद केलं आणि माझ्याच हातचे शर्ट घालू लागले. घरातून निघताना ते खुंटीवरचा चौकड्याचा रुमाल घेत, गळ्याभोवती गुंडाळत, त्याचं टोक नीट आत खोचत आणि मगच पायात चपला घालत. धुळ्याचं ऊन काही सांगायला नको. घामासाठी घेत असतील, असं मी धरून चालले. ते रुमाल मीच धूत होते.

माझा शर्ट खांद्यात बसायचा, बाहीत बसायचा, काजं तर अशी की कोणीही हात लावून बघावीत. घोडं अडायचं ते फक्त कॉलरपाशी. नवी असताना बरी दिसायची, पण एक पाणी लागलं की तिची दोन्ही टोकं वर उचलली जायची, कुत्र्याने कान टवकारावेत तशी. मी कॉलरीच्या आत घालायच्या ताठ बक्रमला दोष दिला. मग कापडाला, मग इस्त्रीला, मग धुळ्याच्या पाण्याला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला तेव्हाही पाठ होती, पण ती दुसऱ्यांसाठी असते अशी माझी समजूत होती.

मग काही वर्षांनी धाकटी जाऊ आली. साक्रीकडच्या खेड्यातली, क्लासचं तोंडही न बघितलेली. लहानपणी शेजारच्या शिंप्याच्या ओट्यावर बसून, बघून बघून शिकली म्हणे. मला अक्का म्हणायची, खळखळून हसायची आणि मला न विचारता माझ्या मशीनवर बसायची. आल्याला फार दिवस झाले नसतील, तर तिने घरात पडलेल्या कापडातून आबांना एक शर्ट शिवला. आबांनी तो घातला, आरशात मान इकडून तिकडे वळवून बघितली, डबा उचलला आणि निघाले. रुमाल खुंटीवरच.

मी तो घेऊन मागे धावले. "आबा, रुमाल राहिला!"

आबा फाटकापाशी थांबले. त्यांचा हात गळ्याशी गेला, कॉलरवरून फिरला. "राहू दे व," म्हणाले आणि चालू लागले.

मी रुमाल धरून फाटकात उभी. ऊन कालच्याइतकंच होतं, घामही तेवढाच येणार होता. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस उन्हासाठी नाही, माझी कॉलर झाकायला रुमाल बांधत होता, आणि एका शब्दाने मला बोलला नव्हता. दुसरी कोणी असती तर सासऱ्यांच्या चांगुलपणाने तिचे डोळे भरून आले असते. माझं अंग जळलं. आबांवर नाही, तिच्यावर.

त्या दिवसापासून तिचं काहीच मला सोसेना. तिची भाकरी फुगली तरी राग, तिच्या हातचं भरीत आबांनी पुन्हा मागून घेतलं तरी राग. आग्रा रोडला गेलं की ट्रकांच्या पाठीवर 'जलो मत, बराबरी करो' लिहिलेलं दिसायचं. या ड्रायव्हरला आमच्या घरातलं कोणी सांगितलं, असं मनात यायचं. नवरा माझं तोंड बघून म्हणायचा, "जळगावची ना तू, जळणारच," आणि आपल्याच विनोदावर हसायचा. त्याचे शर्ट शिवणं बंद करावं असं फार वाटे, पण मग तेही तिच्याकडे गेले असते.

एकदा ती बाजारात गेली तशी मी तिने शिवलेला आबांचा तो शर्ट दोरीवरून काढला आणि कॉलरची शिवण बोटभर उसवली. आत वेगळं बक्रम असेल, दुहेरी अस्तर असेल, काहीतरी असणारच. आत माझंच बक्रम निघालं, माझ्याच डब्यातलं. मी घाईघाईने टाके घालून शर्ट दोरीवर टाकला. संध्याकाळी इस्त्री करताना तिने कॉलर उलटी केली, टाके बघितले आणि हसायलाच लागली.

"अक्का, उसवानी काय गरज व्हती? माले इचारानं ना!" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सांगून मोकळी झाली, "खालनं कापड एक सूत कमी कापानं. बठ्ठं आपेआप बसी जास."

चोरी पकडली गेली त्यापेक्षा तिने ती मनावर घेतली नाही, याचा मला जास्त राग आला.

कॉलरला कापडाचे दोन तुकडे असतात, एक वर दिसणारा आणि एक त्याच्या पोटाशी झाकलेला. क्लासात आम्हाला दोन्ही एकावर एक ठेवून एकदम कापायला शिकवलं होतं, आणि मापं सगळी पाव इंच, अर्धा इंच. सूत हा शब्द तिथे कधी निघालाच नाही. माझं माहेर कापसाच्या मुलखातलं. आमच्याकडे सूत म्हणजे धागा. म्हणून मी झाकल्या तुकड्याच्या कडेचा एकच धागा सुईच्या टोकाने सोडवून हलकेच ओढून काढला. तिरप्या कडेचा निघेना, तिथे कात्रीने केसभर छाटलं. डोळ्यांना पाणी आलं. एक सूत कमी केलं, शिवलं, धुतलं, आणि कॉलरने पुन्हा कान टवकारले.

बाईने मला बनवलं, अशी माझी खात्रीच पटली. आमचं सूत आधीही जुळलेलं नव्हतं, आता बोलणं मीठ-तेलापुरतं उरलं.

अशात आबांची निवृत्ती आली. कचेरीत निरोपसमारंभ होता, हारतुरे होते, फोटोग्राफर येणार होता. आबांनी मोतिया रंगाचं टेरिकॉट आणून मशीनवर ठेवलं आणि म्हणाले, "दोघी एकेक शिवा." म्हणजे त्या दिवशी एकीचा शर्ट अंगावर जाणार आणि दुसरीचा खुंटीवर राहणार. मला तो दिवस हवा होता. आबांनी माझा शर्ट घालावा एवढ्याने माझं भागणार नव्हतं. चारचौघांत, रुमालाशिवाय घालायला हवा होता.

तिचा शर्ट शिवून झाला तरी मी कापडाला कात्री लावली नव्हती. तेवढ्यात स्वयंपाकघरात फळी बसवायला मिस्त्री आला. फळी कोनाड्यात जाईना. "एक सूत जास्त शे," म्हणत त्याने रंधा काढला. मी भाकरी थापता थापता थांबले. लाकडात कुठलं आलं सूत? विचारलं, तर त्याने टेप ओढून इंचाच्या आतल्या बारीक रेघा दाखवल्या. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. एवढंही ठाऊक नाही का, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तव्यावरची भाकरी करपली. म्हणजे तिने मला खरं तेच सांगितलं होतं, आणि हेही मला आवडलं नाही.

मी झाकला तुकडा सगळीकडून एक सूत कमी कापला. शिवताना तो जरा ताणून वरच्याच्या कडेला कड जुळवली, उलटवून टोकं सुईने बाहेर काढली, इस्त्री फिरवली. वरचं कापड तेवढंच मोठं राहिलं होतं, ते आपसूक खाली वळलं आणि शिवण पोटात गेली. शर्ट पुरा केला, धुतला, वाळवला आणि बघितलं. कॉलर बसली होती. दोन्ही टोकं खाली, छातीला लागून.

समारंभाच्या सकाळी दोन्ही शर्ट जावेनेच इस्त्री करून खुंटीला लावले. आबा आंघोळ करून आले, दोन्हींकडे बघून जरा थांबले, आणि त्यांनी माझा काढला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात उलथनं. ती माझ्या मागे. मी मुद्दाम मान वळवून तिच्याकडे बघितलं.

आबांनी बटणं लावली. आरशाकडे गेलेच नाहीत. खुंटीवरचा रुमाल घेतला, गळ्याभोवती गुंडाळला आणि त्याचं टोक नीट आत खोचलं.

"आबा, आज रुमाल कशाला?"

"राहू दे व. सवय शे," ते म्हणाले, आणि थोरल्या सुनेचा मान राखल्याच्या समाधानाने माझ्याकडे बघून हसले.

एकदा कॉलर बघा तरी, असं म्हणायचं तर आधीच्या सगळ्या कॉलरी मीच बाहेर काढल्यासारखं झालं असतं. मी उलथनं घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी आबा तिचा शर्ट घालून उघड्या गळ्याने भाजी आणायला गेले.

आबा आता नाहीत. तो फोटो बैठकीत आहे. आबा, हार, नारळ आणि रुमाल. कॉलर बोटभरही दिसत नाही. पाहुणे आले की धाकटी जाऊ पदराने काच पुसते आणि सांगते, "हाऊ शर्ट अक्कानी शिवेल शे. कॉलर इतली नामी बठेल व्हती! मीच इस्त्री करेल व्हती ना, माले ठाऊक शे."

ती खरं बोलते. ती कॉलर तिच्या-माझ्याशिवाय कोणी बघितलीच नाही. आणि पाहुणे म्हणतात, केवढं मोठं मन हिचं, जावेचं किती कौतुक करते! मी चहा ठेवायला उठते. जळगावची ना मी.