गल्लीतलं बारावं घर

“आपल्या मॅडमचं बी घर लिहायचं व्हय गं?”

जिन्याच्या वळणावर माझे पाय थांबले. खाली माठापाशी माझ्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. दुसरीनं शांतपणे ग्लास विसळला. “लिही की. फक्त मार्क कोण देणारंय ते बघ, अन् मग लिही.”

दोघी हसल्या. मी पाय न वाजवता पुन्हा वर गेले.

कळंबच्या एका कॉलेजात मी एम.ए.च्या वर्गाला शाश्वत विकास शिकवते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मराठीत बोलायचं वाक्य मी आधी मनात जुळवून घेते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे. प्रश्न विचारून झाला की एसटीची वाट बघावी तसे ते निवांत बसून राहतात.

पहिलं वाक्य जिचं, ती मुलगी ईट गावची. शिकायला म्हणून खोली करून राहते, ती नेमकी माझ्याच गल्लीत, माझ्या दारासमोर. प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला होता शिळ्या पाण्याचा. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. आठवडाभर जे पाणी आम्ही जपून पितो, ते नळ आला की त्याच क्षणी शिळं होतं आणि गटारीत जातं, ताज्याला जागा करायला. तिनं विषय सांगितला तेव्हा मला फार आनंद झाला होता. माझ्या स्लाइडवर नद्या होत्या, धरणं होती. ही ओतून दिलेली कळशी कुठंच नव्हती. दोन महिने दर नळाला ती वही घेऊन, कोणतं घर किती ओततं ते लिहीत गल्लीभर हिंडली.

त्या वहीत आपणही असू, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मीही ओततच होते. आई ओतायची, तसा माझाही हात जायचा. दोन कळशा आणि एक बादली. त्याचा ओघळ सरळ तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचायचा.

जिन्यातलं ऐकल्यावर पुढच्या नळाला मी शिळ्या पाण्यानं फरशी दोनदा पुसली. घरमालकीण काकू डोकावल्या.

“पाव्हणे येणार हायत का?”

“नाही, काकू.”

“मग शिळं कशाला ठिवलंस? ओत की ते.”

काकूंना नाही म्हणायचं वाक्य जुळेना. ओतलं. समोरच्या खिडकीचा पडदा हलला, किंवा मला तसं वाटलं.

त्याच आठवड्यात वर्गात मी प्रामाणिक नोंदींवर तासभर बोलले. ईटची मुलगी मान खाली घालून एकेक शब्द उतरवून घेत होती.

सादरीकरणाच्या दिवशी विभागप्रमुख सर पहिल्या बाकावर होते, मी शेवटच्या. तिनं तक्ता लावला. सरांनी चष्मा वर सरकवला.

“गल्लीत घरं किती?”

“बारा, सर.”

“तक्त्यात अकरा दिसतायत.”

“एक घर बंद होतं.”

“दोन महिने?”

तिनं तक्त्याचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. तिची मैत्रीण खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड बघायला लागली.

“मग हे अपुरं आहे. पुन्हा सगळं करून आणा.”

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तेवढ्यात नळ येऊन येऊन कितीदा येणार? वर्षभराचे मार्क जाणार होते, आणि तरी तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी वाक्य जुळवायला घेतलं. सर कागद गोळा करू लागले. वाक्य अजून अर्धंच होतं, तेवढ्यावरच मी उभी राहिले.

“सर, ते घर बंद नव्हतं. ते माझं आहे.” मग तिच्याकडे वळून म्हटलं, “लिही तू. दोन कळशा आणि एक बादली, दर नळाला.”