गुरुवारी बंद राहिलेला फोन

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी पिंपळे गुरवमधल्या आमच्या घरचा फोन बंद पडला. दहा वाजून एकवीस मिनिटांनी तो पुन्हा सुरू झाला. या सत्त्याहत्तर मिनिटांत आईच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मामांनी, त्या नंबरवर चार वेळा फोन लावला. चारही वेळा लागला नाही.

फोन जुना होता, लाईन नवी. तीन वर्षांपूर्वी मी तांब्याच्या तारेची जुनी जोडणी काढून इंटरनेटवरची घेतली. आईचा विरोध होता. नंबर तोच राहील, आवाज स्वच्छ येईल, असे मी तिला पटवले. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. जी गोष्ट मी सांगितली नव्हती ती पहिल्याच आठवड्यात कळली. जुन्या फोनला घरची वीज लागत नसे. नव्याला लागते. फायबरची वायर जिथे घरात येते तिथे, माझ्या खोलीत खिडकीखाली, एक पांढरा बॉक्स बसवला होता. तो बंद तर फोन बंद.

आईला मोबाईल ऐकू येत नाही. कानातले मशीन शिट्टी मारते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. हॉलमधल्या फोनचा रिसीव्हर उजव्या कानाला लावला की मात्र तिला सगळे नीट ऐकू येते. त्यामुळे लाईन गेली की तिचे जग तेवढ्यापुरते बंद होत असे. आणि लाईन वारंवार जात असे. ड्रेनेजसाठी रस्ता खोदताना जेसीबीने वायर तोडली. झाडाच्या फांद्या छाटणाऱ्यांनी तोडली. एकदा समोरच्या इमारतीचे रंगकाम करणाऱ्यांनी ती आडवी येते म्हणून सरळ कापून टाकली. मी वृत्तपत्राच्या कचेरीत वीस वर्षे काढलेली असल्याने एक वही केली. तारीख, बंद झाल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, कारण. कंपनीच्या माणसांना मी ती वही दाखवत असे. तिचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नसे, पण मला बरे वाटत असे.

गुरुवारची गोष्ट वेगळी होती. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची आणि विजेच्या दुरुस्तीचा दिवसही तोच. बऱ्याच गुरुवारी सकाळी वीज जाते आणि दुपारी कधीतरी येते. मामांची सुट्टीही गुरुवारचीच. चाकणजवळच्या गावातली त्यांची शेती वडिलांच्या वेळची, पण नोकरी त्यांनी पिंपरीतल्या कारखान्यात केली. सुट्टीच्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की ते आईला फोन करत. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी फोनचा वार बदलला नाही. त्यांना एकच नंबर तोंडपाठ होता, आमच्या घरचा.

म्हणून मी इन्व्हर्टर बसवून घेतला. त्याच्यावर हॉलमधला पंखा, दोन दिवे आणि माझ्या खोलीतला एक प्लग. त्या प्लगमध्ये बॉक्सची पिन. आईचा नियम होता की गुरुवारी त्या पिनेला कोणी हात लावायचा नाही. हा नियम मी मोडला.

मामांच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्या गुरुवारी दुपारी बाराला, निगडीच्या एका रुग्णालयात ठरली होती. आत नेण्याआधी मी फोन करीन, असे त्यांनी आदल्या दिवशी आईला सांगितले होते. आईला तिथे जायचे होते, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला जिने उतरता येत नाहीत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गुरुवारी लिफ्टही बंद असते. वीज आली की दुपारी जाऊ, असे ठरले. आई साडेआठपासून फोनशेजारच्या खुर्चीत बसून होती.

मी घरूनच काम करत होतो. चाकणच्या चौकात एक ट्रेलर आडवा झाला होता आणि वाहतूक खोळंबली होती. ती बातमी मला संकेतस्थळावर द्यायची होती. लॅपटॉप चार्ज करायचे राहून गेले होते आणि नऊला वीज गेली. बॅटरी दहा टक्क्यांच्या खाली होती. मी बॉक्सची पिन काढली आणि लॅपटॉपची लावली. इंटरनेट मोबाईलवरून घेतले. वीस मिनिटांत होईल असा माझा अंदाज होता. बातमी सहा ओळींची झाली. त्यानंतर पोलिसांची प्रतिक्रिया आली, मग छायाचित्र आले, मग मथळा बदलायला सांगितले.

साडेनऊच्या सुमारास आईने हॉलमधून विचारले, "फोनला लाईट आहे ना रे?"

माझ्या कानात इअरफोन होते. एक काढून मी म्हणालो, "आहे. येईल फोन. बारा वाजायला वेळ आहे अजून."

हे मी विचार करून खोटे बोललो, असे म्हणता येणार नाही. पिन माझ्या पायापासून दोन हातांवर जमिनीवर पडली होती. मला ती दिसत होती.

दहा एकवीसला मी पिन परत लावली. आईने रिसीव्हर उचलून टोन ऐकला आणि खाली ठेवला. पावणेअकरापर्यंत फोन आला नाही, तेव्हा तिने मला मामेभावाच्या मोबाईलवर फोन करायला सांगितले. तो म्हणाला, डॉक्टरांनी आधीचा रुग्ण रद्द झाल्यामुळे वेळ अलीकडे आणली. दादांना, म्हणजे मामांना, दहा वाजताच आत नेले.

मामा शस्त्रक्रियेतून वाचले. त्या रात्रीपर्यंत त्यांना मेंदूचा झटका आल्याचे स्पष्ट झाले. उजवा हात गेला आणि वाचा गेली. त्यांना सगळे समजते, माणसे ओळखू येतात. बोलायला गेले की एकच अक्षर बाहेर येते.

अतिदक्षता विभागात तीन दिवस कोणाला सोडत नव्हते. चौथ्या दिवशी आम्ही निगडीला गेलो तेव्हा मामींनी त्या सकाळचे सांगितले. मामेभाऊ खाली कागदपत्रे करायला गेला होता. मामांनी मामींचा मोबाईल घेतला आणि पाठ असलेला नंबर स्वतः दाबला. एकदा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी रेकॉर्ड केलेली बाई बोलायची. मामी म्हणाल्या, तुमच्या भाच्याच्या मोबाईलवर लावू का, तर ते नको म्हणाले.

"म्हणले, आक्कालाच सांगायचंय," मामी म्हणाल्या. "मी म्हणलं, मला सांगा, मी सांगते त्यांस्नी. तर म्हणले, न्हाई, तिलाच सांगतो. आन् मग ती माणसं आली स्ट्रेचरची गाडी घेऊन."

आईने विचारले, काय सांगायचे होते. मामींना माहीत नव्हते. मामेभावालाही नव्हते. आई मामांच्या खाटेशी बसली आणि त्यांनाच विचारू लागली. जमिनीचं काही होतं का? मुलीचं होतं का? ते दोन्हींना मान हलवून नाही म्हणाले. मग आई एकेक विचारत गेली, अर्धा तास तरी. तिच्या तोंडी पन्नास वर्षांत न ऐकलेली गावाकडची भाषा आली. "मंग काय रं? माज्याबद्दल हाय का?" मामांनी मान हलवली, होय. त्यापुढे काही कळले नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले तेव्हा परिचारिकेने आम्हाला थांबवले.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. पिनेबद्दल सांगण्याची ती वेळ होती. त्याआधीच्या तीन दिवसांतही होती. मी सांगितले नाही.

घरी परतताना रिक्षात आई म्हणाली, तू पेपरवाला आहेस ना, मग त्या फोन कंपनीला लिही. लेखी उत्तर मागव. तिने मजकूर सांगितला आणि मी तो नीट करून लिहिला. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास सेवा खंडित झाली. त्या काळात गंभीर आजारी नातेवाइकाचे चार फोन आमच्यापर्यंत पोहोचले नाहीत. खंडित सेवेचे कारण लेखी कळवावे. पत्रात एकही विधान चुकीचे नव्हते. माझ्या वहीतही मी त्या दिवशीची नोंद केली, वेळा टाकल्या आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

सोमवारी कासारवाडीच्या कार्यालयातून आमच्या भागाचा लाईनमन आला. पंचेचाळिशीचा माणूस, मूळ बीडकडचा, आमच्याकडे आठ-दहा वेळा तरी येऊन गेलेला. आई त्याच्यावर ओरडली नाही. तिने त्याला समोर बसवले आणि घडलेले सगळे सांगितले, मामांच्या हातापासून त्या एका अक्षरापर्यंत. शेवटी म्हणाली, "तुम्हाला दोष नाही देत बाबा. पण तुमच्या एका वायरीनं काय झालं ते तुम्हाला माहीत असावं." तो मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, मावशी, मलाही बहीण आहे.

मग तो माझ्या खोलीत आला. बॉक्स उलटा करून पाहिला आणि मोबाईलवर त्याच्या नोंदी उघडल्या. बराच वेळ वरखाली करत राहिला. मग दार थोडे लोटले आणि हळू आवाजात बोलला.

"साहेब, लाईन नव्हती गेलेली."

मी लॅपटॉप मिटला.

"वायर तुटली तर बॉक्स नुसता गप होतो. करंट गेला तर मरता मरता वर कळवून जातो, पावर गेली म्हणून. ह्यानं कळवलंय. नऊ चारला. दहा एकवीसला परत आलाय." त्याने प्लगकडे पाहिले. "अन् हा तर इन्व्हर्टरवर हाय. मागच्या कुठल्याच गुरुवारी गेला नाही."

हॉलमधून आईने विचारले, सापडलं का काही?

त्याने माझ्याकडे पाहिले. उत्तर मी द्यायचे होते, म्हणून तो थांबला होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"मावशी, वरूनच प्रॉब्लेम होता," तो शेवटी दाराकडे वळून म्हणाला. "झालं आता."

आईला लेखी उत्तर हवे होते, म्हणून त्याने छापील फॉर्म आणला होता, कार्बन लावलेला. कारणाच्या रकान्यापाशी त्याचे पेन थांबले.

"लाईन फॉल्ट लिहिला की माझ्या एरियावर चढतं, साहेब. ह्या महिन्यात आधीच दोन आहेत. पावर लिहू का? मावशींना मी समजावतो, गुरुवार होता म्हणून."

आई इन्व्हर्टरचे विचारणार, हे मला माहीत होते. त्या प्लगवर काय आहे हे तिच्याइतके कोणाला पाठ नव्हते.

"लाईन फॉल्ट लिहा," मी म्हणालो.

त्याने लिहिले. मी खाली सही केली. त्याने एक प्रत फाडून आईला दिली, पाणी नको म्हणाला आणि चपला घालून गेला.

त्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा लाईन गेली तेव्हा दुसरा माणूस आला. पहिल्याची चौकशी केली तर कळले की त्याला चाकण बाजूला टाकले आहे. तो राहायला पिंपळे गुरवमध्येच आहे, म्हणजे रोज ट्रेलर आडवा झालेल्या त्याच चौकातून जात-येत असणार. बदलीचे कारण मी विचारले नाही. एरवी कोणाचीही बदली झाली की मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

मामांना गावी हलवल्यावर आई एका दुपारी गाडी करून गेली. मी सोबत होतो. जोत्याच्या तीन पायऱ्या तिला धरून चढवाव्या लागल्या. मामा खिडकीशी खाटेवर बसले होते. आईने पिशवीतून तो फॉर्म काढला, घडी उलगडली आणि त्यांच्यासमोर धरला.

"बघ. लेखी दिलंय त्यांनी. मी बसलेली व्हते रं फोनपाशी. सकाळपासनं बसलेली व्हते."

मामांनी कागद डाव्या हातात घेतला. त्यांना वाचता येते, पण किती समजते याबद्दल डॉक्टर निश्चित काही सांगत नाहीत. त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. सहीपाशी नजर थांबली, असे मला वाटले. त्याची खात्री करण्याचा मार्ग नाही. मामी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कंपनीवाल्यांना काय हाय त्याचं. आई हो म्हणाली. मीही मान हलवली.

निघताना आईने कागद परत मागितला नाही. गेल्या महिन्यात मी एकटा गावी गेलो होतो, तेव्हा तो मामांच्या उशाशी, औषधांच्या डब्याखाली होता.