फांदीवरचा गोटा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. भद्रावतीच्या कॉलनीत वाढले. तिथले रस्ते सरळ आणि रोज झाडलेले. रस्त्यात काही पडलेलं दिसलं की उचलून बाजूला टाकायचं, कोणाची गाडी घसरायला नको, ही वडिलांची शिकवण. पुढे मास्तरीण झाले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या एका लहानशा गावच्या शाळेत नेमणूक मिळाली. त्या गावाला जायचं तर मधे सात किलोमीटर जंगल.

जंगल सुरू होतं तिथे एक पडका बसथांबा आहे. वाघाच्या भीतीनं एकट्यानं पुढे जायचं नाही, तिथे थांबायचं, ही तिथली रीत. दुसरं कोणी आलं की जोडीनं निघायचं. मग तो कोणी का असेना, आणि ज्याची गाडी वेगाची त्यानं हळू चालवायची. नाव-गाव कोणी विचारत नाही. जंगलाच्या पलीकडे बाहेर पडलो की "चला" म्हणायचं, झालं. एकदा माझी स्कूटी मधेच पंक्चर झाली, तर मागून आलेलं एक जोडपं आपली मोटारसायकल ढकलत माझ्यासोबत चार किलोमीटर पायी चाललं. मी दहादा म्हटलं, तुम्ही जा हो. ती बाई म्हणाली, "तुमाले एकटं टाकून कसं जाऊ?" पुन्हा कधी ते दोघं दिसले नाहीत.

आणि अशा माणसांत राहून मी काय केलं, तेच सांगायचं आहे.

तो डिसेंबरातला शनिवार होता, सकाळची शाळा. धुकं इतकं की समोरची दहा पावलं दिसायची. त्याच महिन्यात पलीकडच्या गावची एक बाई गवत कापायला गेली, ती परत आली नव्हती. वाघानं नेली. सगळा तालुका दबून बोलत होता. थांब्यावर एक म्हातारा सायकल धरून उभा होता. कानाला मफलर, हँडलला जेवणाचा डबा. मी कधी पाहिलेला नव्हता.

"सोबत चलता का बाई? जरा हळू घ्या, मी येतो बाजूनं."

सव्वासात झाले होते. साडेसातला प्रार्थना. सायकलच्या चालीनं गेले असते तर आठ वाजले असते.

"मला उशीर होतोय भाऊ. मी पुढे होते, तुम्ही मागून या."

"असं नाई करत, बाई," तो म्हणाला. रागानं नाही, समजावल्यासारखं. मला त्याचाच राग आला. मला शिकवतो! मी स्कूटी सुरू केली आणि निघाले.

साधारण तीन किलोमीटरवर रस्त्यात आडवी फांदी. सागाची, ताजी तोडलेली, आणि बुंध्यावर भाकरीएवढा गोटा. कोणा लाकडं नेणाऱ्याची पडली असेल आणि पाठोपाठ काठावरचा दगड घरंगळला असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली. अहो, दगड घरंगळून नेमका फांदीवर जाऊन बसतो का? पण तेव्हा मला अक्कल कुठे होती! मनात आलं, मागून तो म्हातारा येतोय, धुक्यात दिसायची नाही, पडेल बिचारा. उतरले, गोटा लाथेनं लोटला, फांदी ओढून चिखलात टाकली. खोटं कशाला बोलू, स्वतःवर खूश झाले. त्याला सोबत दिली नव्हती ना, तर निदान रस्ता मोकळा करून दिला.

पुढे अर्ध्या किलोमीटरवर एक पूल आहे. त्या रस्त्यात तिथेच फोनला रेंज येते. उशीर होणार हे कळवायला मुख्याध्यापकांना फोन लावत मी तिथे थांबले. लागतच नव्हता. चांगली दहा मिनिटं मी त्या पुलावर उभी होते. नाल्याच्या वरच्या अंगाला वानरं घाबरल्यासारखी एकसारखी खाकरत होती. मी वर पाहिलंसुद्धा नाही.

मग मागून सायकलची घंटी ऐकू आली. एकदा-दोनदा नाही, एकसारखी, बोट न काढता. मला वाटलं, म्हातारा थांबवतोय मला. सोबत पाहिजे ना त्याला! मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा, "काय कटकट आहे ही!" फोन पर्समध्ये कोंबला आणि गाडी पळवली. घंटी बराच वेळ येत होती. मग वळण आलं आणि थांबली.

प्रार्थना हुकली, बाकी शाळेत सगळं रोजच्यासारखं झालं. हजेरी, पाढे. नऊच्या सुमारास खिचडी शिजवणाऱ्या बाईजवळ मी चुलीपाशी हात शेकत बसले आणि मोठेपणा सांगायला लागले. "लोक कसे हो तुमच्याकडचे? फांद्या टाकून देतात रस्त्यात. मी उचलून बाजूला केली."

तिच्या हातातला झारा थांबला.

"मॅडम, फांदीवर गोटा होता का?"

"होता."

"ते वाघाची खूण आहे, मॅडम. ज्याले वाघ दिसते, तो फांदी तोडते अन् वर गोटा ठेवते. मागचा माणूस तिथीच थांबते. तुमाले कोणी सांगतलं नाई का?" मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मागून कोणी येऊन राह्यलं होतं का?"

"एक म्हातारा होता, सायकलवर. पुलाजवळ," मी म्हणाले.

ती उठली, तशीच झारा हातात घेऊन गावात धावली. फांदीबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, पुलाकडं वाघ आहे अन् एक म्हातारा सायकलवर अडकला. सात-आठ जण काठ्या आणि रिकामे डबे घेऊन ट्रॅक्टरवर चढले. मीही चढले. कोणी नको म्हटलं नाही. डबे बडवत निघालो. मी मनात एकच घोकत होते, देवा, तो माघारी गेलेला असू दे. पण ती घंटी माझ्या कानात होती. माघारी जाणारा माणूस घंटी वाजवत पुढे येत नाही.

पुलाच्या अलीकडे सायकल आडवी पडली होती. डबा उघडा, भात सांडलेला. सांडलेल्या मूठभर भातावर पंजा उमटला होता, ताटलीएवढा. डबे वाजवायचे थांबले. मी खाली बसले.

"वरती हावो मी," असा आवाज आला.

तो मोहाच्या झाडावर होता. सत्तरीचा माणूस, कसा चढला त्याचं त्यालाच माहीत. उतरवून घेतला तेव्हा तळहात सोलून निघाले होते, आणि धोतर ओलं झालं होतं. मफलर सोडून त्यानं ते झाकलं. वाघ दीड तास झाडाखाली बसून होता म्हणाला. मागून माणूस येईल, गाडी येईल, म्हणून वाट पाहिली. पण येणार कोण? खुणेच्या पुढे यायच्या आधी त्यानंच ती फांदी चिखलातून काढून पुन्हा रस्त्यात टाकली होती आणि वर गोटा ठेवला होता. मागचे सगळे त्याच्या शहाणपणानं तिथेच थांबले होते.

"काढून? म्हणजे फांदी बाजूले पडली होती?" ट्रॅक्टरवाला भडकला. "कोणं हटवली? सांगा ना बाबा, कोण होता तो? हाडं मोडतो त्याचे!"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या सँडलला चिखल तसाच होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "हवेनं गेली असन."

पानही हलत नव्हतं त्या दिवशी.

मी त्याची सायकल उभी केली. हँडल हातात देताना तो हळूच म्हणाला, "गाडीचा माग दिसला तुमच्या. म्हटलं, बाईले ठाऊक नसन. म्हणून घंटी वाजवत आलो. आयकू नाई आली का?"

"नाही," मी म्हणाले. "धुकं होतं ना."

"तरीच," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

खरं सांगण्याची वेळ होती ती, आणि मी ती घालवली. पुढे सहा वर्षं त्या रस्त्यानं गेले. थांब्यावर उभं राहून पुष्कळांना सोबत दिली, सायकलवाल्यांना तर मुद्दाम, त्यांच्या चालीनं. तो म्हातारा मात्र पुन्हा भेटला नाही. ऐकू आली होती, भाऊ. पुलापासून वळणापर्यंत, सगळी ऐकू आली होती.