पंपाचा विटाळ

वजन उतरवायच्या कामाला आमच्या दाजींनी थेट देवीलाच जुंपलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. लातूरला सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून जगातल्या झाडून सगळ्या विषयांतले जाणकार झाले. अक्काला लहानपणापासून दमा. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं की वजन थोडं उतरलं तर श्वासाला सोपं जाईल, पण सावकाश उतरवा. साधं जेवा, उपाशी राहू नका, रोज झेपेल तेवढं चाला आणि श्वासाचा पंप एक दिवसही चुकवू नका. यातलं 'वजन उतरवा' एवढंच दाजींच्या कानात शिरलं. बाकीचं त्यांच्या मते डॉक्टरांचं दुकान होतं.

मी नांदेडला शाळेत शिकवते. दमा मलाही आहे, त्यामुळे आम्हा बहिणींचं फोनवरचं निम्मं बोलणं श्वासाबद्दलच असतं. नवरात्राच्या तोंडावर अक्काचा फोन आला.

"यंदा नऊ दिवस उपास करणार हाय मी. तुझे दाजी म्हणले, देवीचं बी होतंय, वजनाचं बी होतंय."

"आणि पंप?"

"तोंडाला लागलेला असतो ना गं तो. उष्टा. घटापाशी कसा चालंल? नऊ दिवसांचा तर सवाल हाय."

त्यांचा घट बसतो दिवाणखान्यात, म्हणजे दाजींच्या हिशेबानं सगळं घरच देवघर. म्हणून पंपाची रवानगी गॅलरीत, चपलांच्या मांडणीवर. दाजींची तंबाखूची डबी मात्र खिशात, छातीशी. तंबाखू उपासाला चालते, हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं ते त्यांनाच ठाऊक. गालात बार धरून देवीपुढे बसायचं आणि बायकोचं औषध उष्टं म्हणून बाहेर ठेवायचं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय. औषधाला उपास नसतो, हे मी अक्काला परोपरीनं सांगितलं. ती "हाव, हाव" म्हणाली. असं हाव म्हणणारी माणसं काय करतात ते मला माहीत आहे. सातव्या माळेला मी रजा टाकून लातूर गाठलं.

घरात फराळ मांडलेला होता. तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, तळलेले बटाट्याचे काप, वर रताळ्याचा शिरा. याला वजन उतरवणं म्हणायचं तर बैलाला पेंड चारणं म्हणजे उपासमारच म्हणावी लागेल. दाजींनी खास नवा वजनकाटा आणला होता. त्यावर अक्का उपासाआधीपेक्षा जड भरली.

"काटाच खराब दिला दुकानदारानं," दाजी म्हणाले.

मी हसले असते, पण अक्काकडे पाहून हसू आलं नाही. ती चार शब्द बोलायची, थांबायची, मग उरलेले बोलायची. मी पंप आणायला उठले तर तिनं माझा पदर धरला. "दोनच माळा... राहिल्या गं."

संध्याकाळी आरतीला दाजींनी खिडक्या लावून घेतल्या, अखंड दिव्याला वारा लागू नये म्हणून. मग धुपाटण्यात गुगुळ घातला, वर आणखी घातला. माझ्याच घशात खवखव सुरू झाली. पाहते तर अक्का भिंतीला टेकून बसलेली, खांदे वरखाली होतायत, छातीतून शिट्टी वाजतीय, ओठ काळवंडलेले. मी ओरडले. दाजींनी मान न वळवता हातानं खूण केली, आरती होऊ दे. आरती थांबली नाही, टाळ्याही थांबल्या नाहीत.

मी दार उघडून गॅलरीत धावले, चपलांमधला पंप उचलला, पदराला पुसला, हलवला आणि तिच्या तोंडाशी नेला. आणि या बाईनं तोंड फिरवलं. श्वास मिळत नाही आणि बघतीय कुठं, तर घटाकडे. दाजींचा राग मला रोजचाच. त्या घटकेला मला अक्काचा राग आला. देवीसमोर मी कधी शिवी दिली नव्हती, ती दिली. म्हटलं, तू मेलीस तर मी या घटाला लाथ घालीन. तिला बहुधा घटाचीच काळजी वाटली असावी. तिनं तोंड उघडलं.

मग रिक्षा, दवाखाना, मशीनची वाफ, ऑक्सिजन. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. दाजींनी ते मान डोलावून ऐकलं आणि तंबाखू थुंकायला बाहेर गेले.

त्यानंतर अक्का बदलली. पंप नेमानं घ्यायला लागली. ऊन वर आल्यावर, रस्त्यावरची धूळ टाळून कॉलनीतल्या कॉलनीत चालायची. दम लागला की कट्ट्यावर बसायची, लाजायची नाही. जेवायला भाकरी, वरण, पालेभाजी. वजन मुंगीच्या पावलानं उतरलं. संक्रांतीपर्यंत ब्लाउज आत घ्यावे लागले.

संक्रांतीच्या दिवशी मी तिथंच होते. तिळगूळ द्यायला दाजींच्या कचेरीतले जुने सोबती जोडीनं आले. त्यातल्या एकीनं विचारलं, "वैनी, लई उतरलात की. काय केलं?"

अक्काच्या आधी दाजी बोलले. "नवरात्र कडक केलं. देवीची कृपा."

अक्का चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि कुठंही न थांबता बोलली.

"देवीची कृपा हायच. तिनं माझी बहीण धाडली. माझा श्वास बंद पडून राहिला होता तवा तुम्ही टाळ्या वाजवत होता."