साडभाऊंची वाइन

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडभाऊंइतकी, म्हणजे साडूंइतकी, वाइन कोणी विकत घेत नसेल आणि त्यांच्याइतकी कमी कोणी पीत नसेल. तलाठी म्हणून त्यांची उमर केळापूरकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, हिंडण्यात गेली. तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं, की तोंडाला लावायच्या आधी दोन थेंब जमिनीला द्यायचे, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन. म्हातारा बिचारा दोन थेंब म्हणाला होता. आमच्या या माणसानं त्याचं पूजाविधान करून टाकलं! मोहाची दारू सरकारी माणसाला शोभत नाही म्हणून वाइन. आधी आंघोळ, मग धुतलेलं धोतर, मग अंगणात पाट. पणजोबांपासून सुरुवात, पुढे आत्या, मावश्या, एक बैल, आणि बदलीच्या गावी वारलेला चपराशी. मेलेली माणसं काय थोडी असतात? एकदा उमरखेडचे पाहुणे रिकामे पेले धरून तासभर ताटकळले आणि नावं संपायच्या आधी बाटली संपली. "चांगलं झालं," हे वर म्हणतात, "त्यांचं पोट भरलं म्हंजे आपलं भरलं." डोकं फिरतं हो!

माझ्या लेकीच्या साक्षगंधाच्या आधी मी त्यांच्या अक्षरशः पाया पडलो, "भाऊ, या वेळी बाटली नका आणू." कारण माझा धाकटा भाऊ विलास दारूपायीच गेला, आणि व्याह्यांना मी हार्ट अटॅक सांगून ठेवला होता. बाटली आली की त्याचंही नाव निघणार. खरं कळलं तर सोयरिक मोडेल, या धास्तीनं मला आठ दिवस अन्न गोड लागत नव्हतं. साक्षगंध झालं, पंगती उठल्या, आणि बघतो तर अंगणात पाट! व्याही कौतुकानं शेजारी उभे. साडभाऊंनी पणजोबा घेतले, आत्या घेतल्या, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "विलास!"

माझा तोल गेला. "दारूनंच नेलं ना त्याले! अन् त्यालेच पाजून राह्यले? लाज वाटते का काही?"

झालं. इतकी वर्षं झाकलेलं मीच भर अंगणात बोलून बसलो.

साडभाऊ शांतपणे म्हणाले, "दारूनं नेलं, मले माहीत आहे. पण बारा वर्स झाले, तू त्याचं नाव घेतलं काय एकदा तरी? पुतणीच्या साक्षगंधाले काका नाही, नाव तरी असू दे."

व्याह्यांनी चपला काढल्या आणि पाटाशेजारी खाली बसले. "माह्या बाबाचंबी नाव घ्या," ते हळूच म्हणाले. "तेबी असेच गेले. आम्हीबी कोणाले सांगत नाही."

साडभाऊंनी बाटली माझ्या हातात दिली. "विलास," मी म्हणालो, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा भावासाठी रडलो. ओतता हात थांबेना, वाइनची धार लागली, तेव्हा साडभाऊंनी माझं मनगट धरलं.

"त्याले कमीच दे, बाप्पा. डॉक्टरनं मना केलतं."