गीझरचं गार पाणी
जुलैत कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या आमच्या बिल्डिंगमधली मराठी घरं सुट्टीला भारतात जायची. मागे राहिलेल्या त्यांच्या तुळशी-कढीपत्त्याला पाणी घालायचा धंदा मी पंधराव्या वर्षी काढला.

“मॅनेजरची मुलगी घरोघर पाणी घालत फिरणार?” शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं आणि तुळस काकांवर सोपवून त्या पुण्याला गेल्या. माझं डोकंच फिरलं. आता तर करणारच!

उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीतून येणारं नळाचं पाणी चटके देतं, म्हणून मी घरातल्या बंद गीझरमध्ये निवलेलं गार पाणी घालायचे. काकाही अंघोळीला तेच घ्यायचे, तुळशीला मात्र थेट नळाचं.

काकू परतल्या तेव्हा फक्त त्यांचीच तुळस वाळली होती.

“पुढच्या वर्षी आमचीही बघ. तुझ्या आईशी बोलते मी.”

“आईशी कशाला? माझ्याशी बोला. धंदा माझा आहे.”