ताईचं मूत्रपिंड

खुर्च्या-सोफ्यांना नव्यानं गाद्या भरायचं त्याचं दुकान होतं. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेनं एकेक पुढे आणायचा आणि हातोडीनं ठोकायचा. तोंड असं कामात गुंतलेलं, म्हणून गिऱ्हाइकांशी बोलणं बेताचंच. लोक त्याला ‘मुका’ म्हणत. पण सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, हाच मुका प्रार्थना म्हणायला लागला की मागच्या बाकावरची कुजबुज थांबायची.

लहानपणी उपास धरायला लागला तो कधी चुकला नाही. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. तापानं फणफणलेला असतानाही त्यानं तो पाळला होता.

चाळिशीत त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. लग्न केलेलं नव्हतं. घरात विधवा थोरली बहीण, तीच त्याचं सगळं. तिनं आपलं एक मूत्रपिंड त्याला दिलं. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्या आल्या तिनं विचारलं, “लागलं का ते कामाला? नाहीतर आपल्या घरचं सगळंच आळशी!”

लागलं. पण वेळच्या वेळी गोळ्या आणि दिवसभर पाणी, हे आता जन्माचं झालं.

योम किप्पूर जवळ आला तसा तो रब्बींकडे, धर्मगुरूंकडे, गेला. रब्बींनी डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं. ते म्हणाले, “तुम्हाला उपास नाही. गोळ्या घ्यायच्या, पाणी प्यायचं. हवं तर घोट घोट प्या, मध्ये थोडं थांबून. पण प्यायचंच.”

त्यानं मान डोलावली आणि घरी येऊन मनाशी ठरवलं, एवढा एक दिवस निभावून नेऊ.

त्या दिवशी त्यानं गोळ्या कोरड्याच गिळल्या. ताईला वाटलं, भाऊ आतल्या खोलीत जाऊन पाणी पितोय. दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटली. तरी सिनेगॉगमध्ये तो प्रार्थनेला उभा होता, आणि खरं सांगायचं तर मनातून सुखावला होता. वाटत होतं, मी अजून तोच आहे. मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातल्या पुस्तकासकट तो दोन बाकांच्या मधे कोसळला.

इस्पितळात सलाइन लावलं. मूत्रपिंड वाचलं, पण थोडक्यात.

ताई उशाशी बसून राहायची. तोंड पुसून द्यायची, उशी नीट करायची, पण बोलायची नाही. घरी आल्यावरही अबोलाच. शेवटी तोच म्हणाला, “ताई, अगं, देवासाठीच केलं ना मी?”

“देवाला काय दिलंस ते मला सांगू नकोस,” ती म्हणाली. “जे दिलंस ते माझं होतं.”



रब्बी भेटायला आले. तो पुटपुटला, “उपास धरला मी.”

“उपास नाही, हट्ट धरलात,” रब्बी म्हणाले. “न खाण्याची आज्ञा ज्याची, जीव जपण्याचीही त्याचीच. तुम्ही आपल्या आवडीची तेवढी निवडलीत.”

वर्ष सरलं. पुन्हा तो दिवस आला. सिनेगॉगच्या बाजूच्या खोलीत त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवला होता. त्यानं पेला भरला, पाणी पिण्याआधीचं आशीर्वचन म्हटलं, पण घोट घशाखाली उतरेना. भिंतीपलीकडे सगळे प्रार्थना म्हणत होते. आपण जणू चोरी करतोय, असं वाटून त्यानं पेला खाली ठेवला.

दार लोटून ताई आत आली. तिचा उपास होता. ओठ सुकून पांढरे पडले होते. ती समोरच्या स्टुलावर बसली.

“पी तू. मी आहे इथे.”

“तू तहानलेली, आणि तुझ्यासमोर मी पिऊ?”

“हो. माझं मी बघेन. तू पी.”

तो प्यायला. थोडं थांबला, परत प्यायला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ताईनं ते पाहिलं, पण पुसायला गेली नाही. पेला रिकामा झाला तेव्हा तिनंच तो त्याच्या हातातून घेतला.

दिवस मावळताना शेजारच्या बाकावरच्या औषधवाल्यानं सवयीनं विचारलं, “कसा गेला उपास?”

‘बरा गेला’ हे शब्द ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले.

“मला उपास नाही. मी पाणी पितो,” तो म्हणाला.

 औषधवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “शेवटची प्रार्थना तुम्हीच म्हणा. आमचे घसे पार कोरडे पडलेत.”

ती त्यानं म्हटली. पुढेही बरीच वर्षं म्हणत राहिला. पाणी पिणं त्याला सोपं मात्र कधीच झालं नाही. त्या दिवशी पहिला घोट घेताना पेला अजूनही ओठांपाशी अडतो. मग तो जरा थांबतो, आणि पितो.